औद्योगिक अवशेषांचे छायाचित्रण

बंद पडलेल्या गिरण्या, कारखाने, खाणी आणि वीजकेंद्रे यांच्या इमारती, तिथे उरलेली यंत्रे व त्यांवरच्या झिजेच्या खुणा बारकाईने टिपणारी छायाचित्रणाची शाखा. गंज, रंगाचे पापुद्रे, क्षार, शेवाळ, हात लागून गुळगुळीत झालेली मूठ हे तिचे खरे विषय.

या शाखेला शिस्त लावली ती जर्मनीतील बेर्न्ट बेखर (१९३१–२००७) आणि हिला बेखर (१९३४–२०१५) या दांपत्याने. १९५९ पासून त्यांनी पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे मोठ्या आकाराच्या कॅमेऱ्याने कृष्णधवल टिपले. आकाश ढगाळ, चौकटीत माणूस नाही आणि एका प्रकारच्या वास्तू शेजारी शेजारी मांडलेल्या. १९९० मध्ये व्हेनिस बिएनालेत त्यांना शिल्पकलेचे पारितोषिक मिळाले. त्यांचा भर आकारावर होता. पडझडीचा तपशील पुढच्या पिढीने हाती घेतला. इव्ह मार्शां व रोमँ मेफ्र यांचे अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या अवशेषांवरील पुस्तक (२०१०) त्यातले विशेष गाजलेले. अशा चित्रांवरचा मुख्य आक्षेपही डेट्रॉइटच्या निमित्तानेच पुढे आला: त्याच शहरात राहणारी लाखो माणसे चित्रांतून गायब होतात आणि त्यांची बेकारी पाहणाऱ्यासाठी नुसती शोभा होते. हा आक्षेप रास्त आहे.

तपशील दिसतो तो प्रकाशाच्या दिशेमुळे. समोरून पडलेल्या फ्लॅशमध्ये भिंत सपाट दिसते. तोच प्रकाश भिंतीला जवळजवळ समांतर आला, तर रंगाच्या प्रत्येक पापुद्र्याची सावली पडते आणि थरांची जाडीही कळते. कापड गिरण्यांत याची सोय मुळातच असते. विणकामाच्या शेडची छपरे करवतीच्या दात्यांसारखी असून उत्तर गोलार्धात त्यांच्या काचा उत्तरेकडे ठेवत, म्हणजे थेट ऊन न येता सुतावर दिवसभर एकसारखा उजेड पडे. विणकरासाठी केलेला हा उजेड छायाचित्रकारालाही उपयोगी पडतो. उन्हाळ्यात मात्र सूर्य पूर्वेच्या व पश्चिमेच्या थोडा उत्तरेला उगवतो-मावळतो. तेव्हा सकाळी आणि संध्याकाळी त्याच काचांतून तिरपे किरण आत येऊ शकतात.

तिपाई अनिवार्य. आयएसओ १००, छिद्र एफ/८ ते एफ/११ आणि गरजेप्रमाणे काही सेकंदांचे उद्भासन (एक्स्पोजर) ही नेहमीची मांडणी. एफ/१६ च्या पुढे विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) बारकावे मऊ पडू लागतात. म्हणून अगदी जवळून टिपताना छिद्र आणखी लहान न करता फोकस थोडाथोडा सरकवत अनेक चित्रे घेतात व ती एकत्र जोडतात. काळोखे दालन आणि झगझगीत खिडकी एकाच चौकटीत आली, तर कमीजास्त उद्भासनाची तीन ते पाच चित्रे एकत्र करता येतात. मात्र हे मिश्रण अति झाले की गंजालाही प्लास्टिकची चकाकी येते आणि चित्र पदार्थाविषयी खोटे बोलू लागते.

पदार्थाची जाण येथे तंत्राइतकीच लागते. लोखंड गंजले की त्याचे आकारमान कित्येक पटींनी वाढते. काँक्रीटमधल्या सळया अशा फुगून वरचा थर फोडतात. विटांतून झिरपलेले पाणी वाळले की क्षारांची पांढरी पूड मागे राहते. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो.

मुंबईत या विषयाचे मूल्य वेगळे आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये काढलेल्या ताडदेवच्या गिरणीपासून सुरू झालेला शहराचा कापडउद्योग १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर सावरला नाही. त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी केली. फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या आवारात उभी राहिली; बहुतेक ठिकाणी तेवढेही उरले नाही. साचे (माग) भंगारात गेल्यावर फरशीवर राहिलेले तेलाचे डाग आणि बोल्टांची भोके यांवरूनच त्यांच्या रांगा ओळखाव्या लागतात. म्हणून अशा डागाचे चित्र दालनाचे नाव, दिशा, तारीख आणि शेजारी ठेवलेली मोजपट्टी यांसह घेतले पाहिजे, आणि साचे खात्यात काम केलेल्या माणसाला दाखवून त्याचे म्हणणे सोबत नोंदवले पाहिजे. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणगावाचा, म्हणजे मुंबईतील गिरण्यांच्या वस्तीचा, मौखिक इतिहास (२००४) कामगारांच्याच तोंडून नोंदवला. चित्रांना अशा साक्षीची जोड मिळाली की त्यांचा पुरावा म्हणून उपयोग होतो.

मालकाची लेखी परवानगी आवश्यक. कुजलेली लाकडी जमीन, उघडे खड्डे, फुटलेल्या पत्र्यांतले ॲस्बेस्टॉस, जुन्या रंगातले शिसे आणि पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ हे नेहमीचे धोके; योग्य मास्क आणि सोबती यांशिवाय आत जाऊ नये. पापुद्रे सोलून किंवा वस्तू हलवून चौकट सजवणे या क्षेत्रात गैर मानतात.