काळ्या रंगाचा कज्जा

पॅरिस शहराच्या दक्षिण भागांतून बिएव्र नांवाची एक लहानशी नदी वाहत असे. आज ती तेथें जमिनीखालीं गडप झाली आहे. परंतु पंधराव्या शतकांत तिच्याच कांठीं गोबलँ नांवाच्या रंगाऱ्यांच्या घराण्यानें आपली रंगशाळा थाटली, आणि त्यांच्या लाल रंगाची कीर्ति दूरवर पसरली. पुढें १६६२ सालीं चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर यानें ती जागा राजासाठीं मिळविली व राजवाड्यांच्या भिंतींवर टांगावयाचे सचित्र पडदे विणण्याचा कारखाना तेथें उभा केला. घराणें मागें पडलें. पण नांव मात्र कायम राहिलें.

असे पडदे विणणें म्हणजे धाग्यांनीं चित्र काढणें होय. चित्रकार आपल्या फळीवर दोन रंग कालवून तिसरा करूं शकतो. विणकराला ती सोय नाहीं. त्याला हवी ती छटा रंगविलेल्या लोकरीच्या लडींतूनच निवडून घ्यावी लागते. म्हणून तांबड्याच्या एकाच जातीच्या, अगदीं फिकटापासून अगदीं गडदापर्यंत, कितीतरी लडी त्याच्यापुढें हव्या असतात. त्या पुरविण्याचें काम रंगाऱ्याचें. लोकर तुरटीच्या पाण्यांत उकळून मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांच्या काढ्यांत घातली कीं लाल रंग येई. निळीची तऱ्हा निराळी. तिच्या पिंपांतून लोकर बाहेर काढतांना ती पिवळसर हिरवी दिसते आणि हवा लागतांच पाहतां पाहतां निळी होते. अशा कामांत हात किंचित चुकला तरी छटा बिघडते, आणि छटा बिघडली कीं बोल रंगाऱ्यालाच लागतो.

१८२४ सालीं ह्या रंगखात्याच्या प्रमुखपदीं मिशेल शेव्रल ह्या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. त्याचा जन्म १७८६ सालीं आंजे येथें झाला होता, आणि चरबी व साबण यांच्या घटनेविषयींच्या संशोधनामुळें त्याचें नांव झालें होतें. तो कामावर रुजू झाला तेव्हां तक्रारी त्याची वाटच पाहत होत्या. फिकट निळा, जांभळा, करडा व तपकिरी हे रंग टिकत नाहींत, ही एक तक्रार. दुसरी याहून चमत्कारिक होती. निळ्या व जांभळ्या वस्त्रांच्या चुण्यांत सांवली दाखविण्यासाठीं जो काळा धागा वापरीत, तो म्हणे फिका पडतो. त्यांत जोम नाहीं. काळा रंगविणाऱ्यांच्या कसबावरच हा ठपका होता.

शेव्रलनें दोन्ही तक्रारी तपासल्या. पहिली खरी निघाली, व तसें त्यानें मोकळेपणानें मान्य केलें. दुसरीसाठीं त्यानें फ्रान्समधील व परदेशांतील नामांकित कारखान्यांतून काळी लोकर मागविली आणि ती गोबलँच्या लोकरीशेजारीं ठेवून पाहिली. परकी लोकर कोणत्याही प्रकारें सरस नव्हती. मग दोष रंगांत नाहीं, तर तो कोठें आहे? शेव्रलला उत्तर सांपडलें तें रंगाच्या पिंपांत नव्हे, तर पाहणाऱ्याच्या डोळ्यांत. काळा धागा जात्या काळाच होता. निळ्याच्या शेजारीं तो बसला म्हणून दुबळा दिसत होता. रसायनज्ञाकडे आलेला हा खटला रसायनाचा नव्हताच.

ह्या शोधाचें बीज असें आहे. दोन रंग एकमेकांना लागून असले, कीं डोळा त्यांतील भेद वाढवून पाहतो. प्रत्येक रंगाचा एक विरुद्ध जोडीदार असतो: तांबड्याचा हिरवा, निळ्याचा नारिंगी, जांभळ्याचा पिवळा. एक रंग डोळ्यांपुढें असला कीं त्याच्या जोडीदाराची झांक शेजारच्या रंगावर पडल्यासारखी भासते. निळ्यालगतच्या काळ्यावर नारिंगी झांक येते, तो तपकिरीकडे झुकतो व त्याचा काळेपणा कमी वाटतो. शेव्रलनें ह्याविषयींचे आपले पहिले विचार १८२८ सालीं विद्वानांपुढें मांडले आणि १८३९ सालीं रंगांच्या ह्या समकालिक विरोधावर विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला.

ह्या नियमाचा उपयोग किती व्यावहारिक होता, हें त्याच ग्रंथांतील एका प्रकरणावरून दिसतें. कापडाच्या कांहीं व्यापाऱ्यांनीं तांबडें, जांभळें व निळें कापड छापखानेवाल्यांकडे देऊन त्यावर काळी नक्षी उठविण्यास सांगितलें. कापड परत आलें तेव्हां व्यापारी संतापले. तांबड्यावर हिरवी, जांभळ्यावर हिरवट पिवळी आणि निळ्यावर तांबूस तपकिरी नक्षी छापली आहे, असें त्यांचें म्हणणें. शेव्रलनें पांढरा कागद नक्षीच्या आकारानें कापून कापडावर असा ठेवला, कीं भोंवतालचा रंग झांकला जाऊन फक्त नक्षी दिसावी. तीन्ही ठिकाणीं नक्षी काळीच होती. छापणारा प्रामाणिक होता आणि व्यापारीही खोटें बोलत नव्हता; दोघेही आपल्या परीनें खरे होते. काळें काळेंच दिसावयास हवें असेल, तर त्यांत भोंवतालच्या रंगाची थोडीशी झांक मिसळावी, असा उपाय त्यानें सुचविला.

पण हा नियम धाग्याला सरसकट लागू पडत नाहीं, आणि येथेंच सूत काततांना व विणतांना कसब लागतें. तांबड्या व हिरव्या रंगाचे रुंद पट्टे शेजारीं ठेवले तर दोन्ही अधिक झळकतात. तेच दोन रंग केंसासारख्या बारीक धाग्यांनीं एकमेकांत विणले, कीं दुरून पाहणारा डोळा त्यांना वेगळें करूं शकत नाहीं. दोहोंचें मिळून मळकट करडें होतें. लोकर आधीं रंगवून मग पिंजून एकत्र करणाऱ्याचा अनुभवही हाच आहे. दोन रंगांची लोकर फार वेळ पिंजली तर एकच मंद रंग उरतो. थोडक्यावर हात आवरला, तर पिळांतून दोन्ही रंग डोकावत राहतात आणि सूत जिवंत दिसतें. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हॅरिस बेटावर लोकर कातण्यापूर्वींच रंगवून निरनिराळे रंग एकत्र पिंजण्याची चाल आहे. तेथील कापड लांबून एकरंगी वाटतें. जवळ जावें तों खडकावरील शेवाळासारखे नाना रंग त्यांत दिसूं लागतात.

महाराष्ट्रांतील विणकरालाही हें रहस्य ग्रंथावांचून ठाऊक होतें. पैठणींत उभार एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेऊन धूपछांव साधतात; पदर हलला कीं रंग बदलतो. काळ्या चंद्रकळेला तांबडा कांठ शोभतो, त्यालाही कारण आहे. घोंगडीच्या काळ्यापांढऱ्या लोकरींत तर रंगाऱ्याचें काम मेंढीनेंच केलेलें असतें. कातणारणीनें फक्त किती काळें नि किती पांढरें एवढेंच ठरवावयाचें.

शेव्रलनें पुढें बहात्तर छटांचें एक रंगचक्र रचलें आणि फिकटगडद भेद धरून चौदा हजारांहून अधिक रंग क्रमानें लावून दाखविले. हेतु एवढाच, कीं रंगाऱ्याला व विणकराला एकमेकांचें बोलणें अचूक कळावें. विणकरांसाठीं लिहिलेल्या त्याच्या ग्रंथाचा अभ्यास चित्रकारांनींही केला. जॉर्ज सरा ह्यानें शुद्ध रंगाचे ठिपके शेजारीं शेजारीं ठेवून चित्रें रंगविलीं, त्यामागें हेंच शास्त्र होतें. १८८९ सालच्या एप्रिलमध्यें, वयाच्या १०३ व्या वर्षीं, शेव्रल वारला. आयफेल मनोऱ्यावर ज्या शास्त्रज्ञांचीं नांवें कोरलीं आहेत, त्यांत त्याचेंही आहे. गोबलँच्या ज्या रंगाऱ्यांच्या हातांवरचा ठपका त्यानें पुसला, त्यांचीं नांवें मात्र कोठेंही कोरलेलीं नाहींत. त्यांनीं रंगविलेला काळा रंग निर्दोष होता, एवढी साक्ष त्या ग्रंथानें त्यांच्या बाजूनें देऊन ठेविली आहे.