‘दाय न्गु’ म्हणजे महामूर्ख नव्हे!

व्हिएतनामच्या इतिहासात इ. स. १४०० ते १४०७ एवढाच काळ टिकलेल्या राज्याचे नाव होते ‘दाय न्गु’. ‘दाय’ म्हणजे महान. मात्र ‘न्गु’ या शब्दाचा आजच्या व्हिएतनामी भाषेतील प्रचलित अर्थ ‘मूर्ख’ असा आहे. त्यामुळे कोणत्या राजाने आपल्या राज्याला ‘महामूर्ख’ म्हणवून घेतले असेल, असा प्रश्न सहज पडतो.

त्याचे उत्तर लिपीत दडले आहे. त्या काळी राजदरबाराचा व्यवहार चिनी लिपीत चाले. राज्याच्या नावातील ‘न्गु’ आणि मूर्ख या अर्थाचा ‘न्गु’ यांची चिन्हे पूर्णपणे वेगळी होती. उच्चार तेवढा सारखा. पुढे रोमन लिपी रूढ झाली, चिन्हांमधील भेद नाहीसा झाला आणि दोन्ही शब्द एकाच रूपात लिहिले जाऊ लागले.

हे नाव ठेवले हो क्वी ली याने. त्रान घराण्याच्या दरबारातील या प्रबळ मंत्र्याने १४०० मध्ये बालसम्राटाला पदच्युत करून सिंहासन बळकावले. हा बालसम्राट त्याच्या मुलीचाच मुलगा होता. अशा सत्तेला वंशाची प्रतिष्ठा मिळवून देणे आवश्यक होते. प्राचीन चीनचा आदर्श राजा मानला गेलेला शुन हा आपला पूर्वज असल्याचा दावा त्याने केला. शुनच्या राजवटीचे नाव व्हिएतनामी उच्चारात ‘न्गु’ असे होते. या चिन्हाला शांतता व आनंद असाही अर्थ असल्याने ‘महान शांतता’ असा शुभसंकेतही त्यातून साधला गेला.

प्रत्यक्षात शांतता लाभली नाही. त्रान घराण्याच्या पुनःस्थापनेचे निमित्त पुढे करून मिंग सैन्याने १४०६ मध्ये आक्रमण केले. १४०७ मध्ये हो क्वी ली व त्याचे पुत्र कैद झाले आणि देश चीनचा प्रांत बनला. १४२८ मध्ये ले लोइ याने स्वातंत्र्य मिळवून राज्य स्थापन केले, तेव्हा ‘दाय न्गु’ऐवजी १०५४ पासून रुळलेले ‘दाय व्हिएत’ हेच नाव पुन्हा स्वीकारले गेले.

थान्ह होआ प्रांतातील हो घराण्याच्या राजधानीची दगडी तटबंदी आजही उभी आहे. २०११ मध्ये युनेस्कोने तिचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश केला.