मलायी पांतून : त्याचीं साधनें व त्याचें संरक्षण

जुन्या दप्तरांत वावरणाऱ्या अभ्यासकाची सहज समजूत अशी असते कीं, मजकूर कागदावर उतरला म्हणजे तो वांचला. सनदा, पत्रें व महजर यांच्यापुरतें हें खरें आहे. परंतु जें काव्य दोन माणसांच्या सवाल-जबाबांतूनच जन्मास येतें, त्यालाहि हा नियम लागू पडतो काय, याचा विचार येथें करावयाचा आम्हीं योजिला आहे. उदाहरण म्हणून मलायी लोकांचा पांतून हा काव्यप्रकार घेतला आहे. इंडोनेशिया व मलेशिया या दोन राष्ट्रांनीं मिळून केलेल्या मागणीवरून युनेस्कोनें इ. स. २०२० च्या डिसेंबरांत तो मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादींत घेतला, ही गोष्ट आरंभींच ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

पांतून बहुधा चार चरणांचा असतो. चरणांत सामान्यतः आठ ते बारा अक्षरें येतात. पहिल्याचें यमक तिसऱ्याशीं व दुसऱ्याचें चौथ्याशीं जुळतें. पहिल्या दोन चरणांस मलेशियांत 'पेंबायांग' म्हणतात; 'बायांग' म्हणजे छाया. इंडोनेशियांत त्यांसच 'सांपिरान' हें नांव आहे. त्यांत भातशेत, नदी, पक्षी, फळ अशा नित्य दृष्टीस पडणाऱ्या वस्तु येतात. पुढील दोन चरण म्हणजे 'माक्सुद'. हा शब्द मूळ अरबी असून आपल्या परिचयाचा 'मकसद' त्याच धातूपासून निघाला आहे. मागणी, विवाह, पाहुण्यांचें स्वागत, थट्टा, उपदेश अशा प्रसंगीं एकानें पांतून म्हणावा व दुसऱ्यानें जागच्या जागीं पांतुनानेंच उत्तर द्यावें, अशी चाल आहे.

पूर्वार्ध व उत्तरार्ध यांचा संबंध काय, यावर विद्वानांत दीर्घ वाद झाला. डच पंडित पेनापेल यानें इ. स. १८८३ त अर्थाचा संबंध आहे असें प्रतिपादिलें. इ. स. १९०४ त लायडन येथें व्हान ओफौसेन यानें तें नाकारलें व संबंध केवळ ध्वनीचा आहे असें म्हटलें. त्याचा पुरावा पुस्तकी नव्हता. सुमात्रांतील मांडाइलिंग प्रांतीं तरुण मंडळी एकमेकांस झाडांचीं पानें पाठवीत व पानाच्या नांवाशीं ज्या शब्दाचा ध्वनि जुळे तोच निरोप समजत, ही चाल त्यानें दाखविली. पुढें इ. स. १९३३ त हुसेन जयदिनिंगरात यांनीं या ध्वनिसाम्यामागें शब्दांच्या मंत्रशक्तीवरील जुना विश्वास असल्याचें सुचविलें. वादाचा निकाल कसाहि लागो. त्यास नवी दिशा मिळाली ती लोकाचाराच्या निरीक्षणानें, हें उघड आहे.

प्रसंग गळाला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण युरोपांत सांपडतें. विल्यम मार्सडेन याचें मलायी व्याकरण इ. स. १८१२ त प्रसिद्ध झालें, व त्यांत पांतुनांचे नमुने होते. पुढें अर्नेस्त फुईने यानें भाषांतरिलेला एक पांतून व्हिक्तर ह्यूगोनें आपल्या इ. स. १८२९ च्या 'लेझोरियांताल' या काव्यसंग्रहाच्या टिपांत छापला. तो नेमका सांखळी पांतून होता. त्यांत एका कडव्याचे दुसरा व चौथा हे चरण पुढील कडव्याचे पहिला व तिसरा होतात. फ्रेंच कवींनीं तेंच लक्षण धरिलें आणि 'पांतूम' नांवाचा नवा छंद रूढ झाला. छंद सुंदर आहे. परंतु मायदेशीं एका कडव्याचा पांतून हाच मुख्य, व सांखळी हा त्याचा एक भेद. नमुना गेला, उत्तर देणारा मागें राहिला.

याउलट 'सजारा मलायु' या मलायी तवारिखेची रीत पाहावी. पासै येथून आलेला तुन जाना खतीब याचा सिंगापुरांत वध झाला. त्यावर लोकांनीं रचलेला पांतून ग्रंथकारानें हकीकतीसह दिला आहे. हकीकत नसती तर त्या चार चरणांतील स्थळनामांचा उलगडा आज कोणास झाला असता?

आतां मालकीचा प्रश्न. मलाक्का शहरीं पांतून गाण्याच्या 'दोंदांग सायांग' या प्रकाराची नोंद युनेस्कोनें इ. स. २०१८ त केली. फिडल, गाँग व डफ यांच्या साथीनें तो मलायी, बाबा-न्योन्या, चिट्टी व पोर्तुगीज अशा चार समाजांत गाइला जातो. चिट्टी हे तमिळ व्यापाऱ्यांचे वंशज. पोर्तुगीज समाजाचा धागा गोव्यापर्यंत पोहोंचतो, इ. स. १५१० त गोवें घेणाऱ्या आल्बुकेर्कनेंच पुढच्या वर्षीं मलाक्का जिंकली, व इ. स. १६४१ त डचांनीं घेईपर्यंत ती गोव्याहून चालणाऱ्या पोर्तुगीज सत्तेचा भाग होती. लिस्बन येथील राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयांत बटाव्हियाकडील एक जुनें हस्तलिखित आहे. त्यांत मलायी आणि मिश्र पोर्तुगीज अशा दोन्ही भाषांतील पांतून आहेत. तें इ. स. २०२२ त छापून निघालें. ज्या काव्यानें भाषेची सीमाहि जुमानली नाहीं, तें एकाच राज्याचें ठरविण्याचा हट्ट साधनांच्या साक्षीपुढें टिकत नाहीं.

विल्किन्सन व विन्स्टेट यांनीं इ. स. १९१४ त छापलेला 'पांतून मलायु' हा संग्रह मोलाचा आहे. तशा संग्रहांवांचून पुष्कळ पांतून नष्टच झाले असते. संग्राहकांचें ऋण आम्हीं नाकारीत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, पांतून टिपतांना म्हणणारा कोण, स्थळ व प्रसंग कोणता, आणि तो कोणत्या पांतुनाच्या उत्तरादाखल आला, हीं चार कलमें सोबत नोंदलीं पाहिजेत. पोथीच्या बाबतींत लेखक, स्थळ व शक आपण कटाक्षानें पाहतों; तोच दंडक येथें लावावा. आणि सवाल टाकणारा व जबाब देणारा अशीं दोन माणसें समोरासमोर बसतील अशा बैठका चालू राहतील, तेव्हांच पांतून खऱ्या अर्थानें राखला जाईल. कागद साक्षीदार आहे; वारस मात्र माणूसच.