फुटबॉलमधला ‘पास’ पहिल्यांदा कोणी दिला? ‘पहिल्यांदा’ या शब्दाची गोष्ट



माझ्या पीएचडीच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य होतं : “ही पद्धत या कामात पहिल्यांदाच वापरली आहे.” प्रेझेंटेशनच्या दिवशी समितीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, “पहिल्यांदा म्हणजे जगात पहिल्यांदा, की तुमच्या वाचनात पहिल्यांदा?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिनॉप्सिस दुरुस्तीसाठी परत आला आणि माझे दोन महिने गेले.

त्या दोन महिन्यांत डोकं हलकं करायला मी जुन्या फुटबॉलचा इतिहास वाचत होते. गंमत म्हणजे तिथेही सरांचा तोच प्रश्न उभा होता. म्हणून आज ती गोष्ट.

सॅपर्सची टीम

पुण्यातल्या लोकांना ‘सॅपर’ हा शब्द नवा नाही. खडकीला बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आहे. पूल बांधणं, खंदक खणणं, सुरुंग लावणं ही सॅपर्सची कामं. ब्रिटिश लष्करात हे काम ‘रॉयल इंजिनिअर्स’कडे होतं. त्यांचे तरुण अधिकारी इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या चॅटम इथे प्रशिक्षण घेत, आणि तिथेच त्यांची फुटबॉल टीम तयार झाली.

१८७१-७२ मध्ये एफए कप ही स्पर्धा पहिल्यांदा खेळली गेली. (हा ‘पहिल्यांदा’ मात्र पक्का आहे, कारण स्पर्धेची नोंद त्याच वर्षीची आहे.) १६ मार्च १८७२ ला लंडनच्या केनिंग्टन ओव्हल मैदानावर अंतिम सामना झाला. एका बाजूला रॉयल इंजिनिअर्स, दुसऱ्या बाजूला वाँडरर्स. सॅपर्सच जिंकणार असं बहुतेकांना वाटत होतं. पण सुरुवातीलाच लेफ्टनंट क्रेसवेलचं गळपट्टीचं हाड मोडलं. बदली खेळाडू ही पद्धतच तेव्हा नव्हती. क्रेसवेल तसाच शेवटपर्यंत मैदानावर राहिला. वाँडरर्स १-० ने जिंकले.

गोल करणाऱ्याचं नाव तेव्हाच्या नोंदीत ‘ए. एच. चेकर’ असं आहे. अशा नावाचा माणूसच नव्हता! खरा खेळाडू होता मॉर्टन बेट्स. तो ‘हॅरो चेकर्स’ या क्लबचा, म्हणून ‘अ हॅरो चेकर’ असं टोपणनाव घेऊन तो खेळला. प्राथमिक साधन हातात आलं म्हणजे काम संपलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

सॅपर्स पुढे १८७४ ला पुन्हा अंतिम सामन्यात हरले, १८७५ ला ओल्ड इटोनियन्सना हरवून कप जिंकले आणि १८७८ ला परत हरले. म्हणजे सात वर्षांत चार अंतिम सामने. त्यांचा कॅप्टन फ्रान्सिस मॅरिंडिन क्रिमियाच्या युद्धात होता, आणि १८७४ पासून १८९० पर्यंत तो फुटबॉल असोसिएशनचा अध्यक्ष राहिला.

दावा काय आहे?

त्या काळी बहुतेक टीम ड्रिबलिंग करत. एक जण बॉल पायात घेऊन धावत सुटायचा, बाकीचे सात-आठ फॉरवर्ड त्याच्या मागे. बॉल निसटला की मागचा उचलणार. याला ‘बॅकिंग अप’ म्हणत. ठरवून सहकाऱ्याकडे बॉल देणं, म्हणजे पास, ही त्याहून वेगळी गोष्ट.

आणि दावा असा, की एकमेकांना पास देत खेळायची ही ‘कॉम्बिनेशन’ पद्धत रॉयल इंजिनिअर्सनी सुरू केली. ऐकायला पटतं. लष्करी शिस्त, एकत्र राहणं, रोजचा सराव. बाकीच्या अनेक क्लबांचे खेळाडू शनिवारपुरते भेटणारे. पण मित्रांनो, कारण पटणं वेगळं आणि पुरावा असणं वेगळं. कारण आपण नंतरही रचू शकतो. मी माझ्या सिनॉप्सिसमध्ये नेमकं तेच केलं होतं.

तीन प्रश्न विचारून बघू

*पहिला : हे सांगतंय कोण, आणि कधी?* या दाव्याचा मोठा आधार म्हणजे सर फ्रेडरिक वॉल यांच्या आठवणी. वॉल १८९५ ते १९३४ फुटबॉल असोसिएशनचे सेक्रेटरी होते, माणूस जाणकार. पण ते पुस्तक आलं १९३५ मध्ये, आणि वॉल यांचा जन्म १८५८ चा. म्हणजे पहिल्या अंतिम सामन्याच्या वेळी ते तेरा वर्षांचे होते, आणि लिहिलं साठ वर्षांनी. आठवण खोटी असते असं नाही, पण ती पुढच्या काळाच्या चष्म्यातून येते. उलट १८७२ च्या वार्तांकनात वाँडरर्सच्या वैयक्तिक खेळाबरोबर त्यांच्या सामूहिक खेळाचीही स्तुती आहे. जे नुसते ड्रिबलर म्हणून ओळखले जातात, त्यांची!

*दुसरा : व्याख्या काय?* आपण सायन्सवाले याला ऑपरेशनल डेफिनिशन म्हणतो. निसटलेला बॉल मागच्याने उचलला तर तो पास का? मुद्दाम मागे दिला तर? पुढे दिला तर? इथे नियमही बघावा लागतो. १८६३ च्या नियमात बॉलच्या पुढे असलेला खेळाडू ऑफसाइड धरला जायचा. पुढे पास द्यायला वावच नव्हता. १८६६ मध्ये नियम बदलला : समोर प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन खेळाडू असतील तर बॉलच्या पुढे उभं राहिलं तरी चालेल. म्हणजे पुढचा पास शक्य झाला तो आधी कागदावर, आणि तो नियम सगळ्यांनाच लागू होता. शेफिल्डमध्ये तर क्लब १८५७ पासून, नियम स्वतःचे आणि ऑफसाइड बरंच सैल. सॅपर्स डिसेंबर १८७३ मध्ये उत्तरेच्या दौऱ्यावर शेफिल्डलाही जाऊन खेळले. कोणी कोणाकडून काय घेतलं, हे एका बाजूचं वाचून कसं ठरणार?

*तिसरा : नोंद कोणाची उरली?* सॅपर्स अधिकारी होते. त्यांचे जन्म, नेमणुका, बढत्या, मृत्यू सगळं लष्कराच्या दप्तरात आहे. लेफ्टनंट रेनी-टेलयोरचा जन्म मसुरीचा. ८ मार्च १८७३ ला त्याने स्कॉटलंडकडून इंग्लंडविरुद्ध गोल केला, आणि समोर इंग्लंडकडून खेळत होता त्याचाच सॅपर्समधला सहकारी, लेफ्टनंट गुडविन. वर्षभराने, मार्च १८७४ मध्ये, भारतात नेमणुकीवर असताना रुरकीला घोड्यावरून पडून गुडविनचा मृत्यू झाला. वय फक्त चोवीस. इंग्लंडच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटूंपैकी वारलेला हा पहिला. दीडशे वर्षांनी मी हे सहज वाचू शकते, कारण तो अधिकारी होता.

आता दुसरी बाजू बघा. १८७२ च्या उपांत्य फेरीत ग्लासगोच्या क्वीन्स पार्कने वाँडरर्सशी बरोबरी केली. पण पुन्हा लंडनला यायचा खर्च परवडेना म्हणून त्यांनी माघार घेतली, आणि वाँडरर्स न खेळताच पुढे गेले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला स्कॉटलंडच्या टीममधले सगळे अकरा खेळाडू क्वीन्स पार्कचे होते, आणि पासिंगच्या इतिहासात त्यांचंही नाव आदराने घेतलं जातं. तिकिटाचे पैसे असते तर पहिल्या अंतिम सामन्यात सॅपर्ससमोर कदाचित तेच असते.

मग सॅपर्सच्या हाती काय राहतं?

बरंच राहतं. एकमेकांना साथ देत खेळणाऱ्या सुरुवातीच्या टीमपैकी ते एक महत्त्वाची टीम होते, आणि त्या खेळाच्या जोरावर त्यांनी मोठं यश मिळवलं. हे वाक्य ‘शोध लावला’पेक्षा फिकं वाटतं. पण ते कोणी पाडू शकत नाही.

मॅरिंडिन १८७७ पासून रेल्वेचा सरकारी तपासनीस झाला. अपघात झाला की जागेवर जायचं, हजर असलेल्यांच्या जबान्या घ्यायच्या, रूळ आणि सिग्नल स्वतः बघायचे, मग कारण लिहायचं. माझ्या सिनॉप्सिसवर त्याने काय शेरा मारला असता, याचा मी अंदाज करू शकते.

शेवटी मी वाक्य बदललं : “अमुक तीन डेटाबेसमध्ये अमुक तारखेपर्यंत शोधलेल्या साहित्यात, या प्रकारच्या नमुन्यांवर ही पद्धत वापरल्याचं आढळलं नाही.” लांबलचक आहे, ऐटदार नाही. पण दुसऱ्या वेळी सरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं, वाचली, आणि पान उलटलं.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘प्रथमच’, ‘पहिल्यांदाच’, ‘आजवर कोणीही’ असे शब्द असतील तर आज रात्रीच शोधून काढा. प्रत्येकाला हे तीन प्रश्न विचारा. जो टिकेल तो ठेवा.