व्हॉल्व्ह गोड की ट्रान्झिस्टर खरा?

वाचकहो, भोकरदन तालुक्यातले धावडा किंवा तसलेच एखादे गाव घ्या. तिथल्या जुन्या घराच्या माळ्यावर लाकडी पेटीचा रेडिओ सापडला, तर त्याची किंमत कशी करावी? कोणी म्हणेल, “भंगार!” कोणी म्हणेल, “व्हॉल्व्हचा गोडवा आता कुठला!” दोन्ही निकाल घाईचे आहेत. इतिहास काय सांगतो ते आधी पाहू.

१९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी जाळीची निर्वात नळी तयार केली. आत तार तापते, विद्युत्कण पट्टीकडे धावतात आणि मधली जाळी त्यांना आवरते किंवा सोडते. कालव्याच्या दारासारखेच म्हणा ना! क्षीण आवाज असा बलवान होतो. पण नुसती तार तापवायलाच वीज खर्ची पडे. वीज नसलेल्या गावच्या रेडिओला तारेसाठी दीड व्होल्टची आणि पट्टीसाठी सुमारे ९० व्होल्टची, अशा दोन बॅटऱ्या लागत. म्हणून एका रेडिओभोवती सारे गाव बसे. १९५६ साली पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे चालवली, ती याच काळात. धावडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला.

इकडे डिसेंबर १९४७ मध्येच बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या स्फटिकाकडून तेच काम करून घेतले होते. तापणारी तार गेली. टॉर्चचे सेल पुरू लागले आणि रेडिओ शेताच्या बांधावर पोहोचला. हा विजय सोयीचा होता, बरं का, आवाजाचा नव्हे. सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायरमध्ये दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने काम करीत; त्यांचा सांधा नीट जुळला नाही की हलक्या सुरात खरखर येई. शिवाय भार वाढला की व्हॉल्व्ह हळूहळू बोथट होतो. ट्रान्झिस्टर एकदम आवाज कापतो. संगीताच्या शौकिनांनी व्हॉल्व्हची बाजू घेतली, ती उगाच नव्हे.

पण पुढे सिलिकॉन आले, जुळणी सुधारली. आज चांगल्या ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायरमधला दोष कानाला कळतही नाही. उलट व्हॉल्व्हचा गोडवा म्हणजे पुष्कळदा त्याने स्वतः घातलेली सुरांची भर असते. गायकाच्या गळ्यात ती नसते. ती आवडली तर खुशाल ऐका, मात्र तिला ‘अस्सल आवाज’ म्हणू नका.

आणि माळ्यावरचा तो रेडिओ? विकू नका, पण एकदम प्लगलाही लावू नका. जुने कंडेन्सर निकामी झालेले असतात, आणि विजेवर चालणाऱ्या संचात तर बंद केल्यावरही शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात. जाणत्या कारागिराला दाखवा. तो वाजला, तर शेजाऱ्यांनाही बोलवा. तो एकट्याने ऐकायचा रेडिओ नव्हताच.