सेफ्टीचा खटका

शाळेत मी इतिहास शिकवायचो आणि त्याच्या जोडीला बरीच वर्षं एन.सी.सी. सांभाळत होतो. इतिहासाच्या मास्तरला एन.सी.सी. का दिली, हे मला कधी कळलं नाही. बहुधा मी उंच होतो म्हणून असेल. १९८१ साली आमची नववीची पोरं पॉइंट टू टू रायफलीच्या फायरिंगला गेली होती. पालथं पडून नेम धरायचा, पाच गोळ्या झाडायच्या, एवढंच. एका पोराची तिसरी गोळी सुटेना. त्याने दोनदा चाप ओढला, मग सरळ उठून बसला आणि रायफलीसकट मागे वळला. "सर, गोळी सुटतच नाही!" नळी माझ्या पोटाकडे होती.

शेजारी उभ्या असलेल्या हवालदारसाहेबांनी झडप घालून नळी आकाशाकडे केली. बोल्ट मागे ओढला, काडतूस खाली पडलं. त्याच्या कडेवर टोला बसलेला दिसत होता. पोराला ते रागावले नाहीत. मला मात्र बाजूला घेऊन म्हणाले, "मास्टरजी, सेफ्टी कॅच पे भरोसा बाद में, पहले नली देखो." त्या दिवशी घरी गेल्यावर मी बायकोला यातलं काहीच सांगितलं नाही.

ही आठवण पुन्हा वर आली ती कॅलिफोर्नियात. मुलीकडे सहा महिने राहायला गेलो होतो. जावई-मुलगी कामावर, नात शाळेत, आणि आम्ही दोघं म्हातारे दिवसभर घरात. मी वाचनालयात जाऊन बसायचो. तिथे एका खटल्याची हकिकत वाचनात आली आणि मग त्याचा मागोवा घेत घेत मी शंभर वर्षं मागे गेलो. इतिहासाच्या मास्तरची खोड, दुसरं काय!

१९९४च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या विलिट्स नावाच्या लहान गावात सात वर्षांच्या एका मुलाच्या हनुवटीत गोळी शिरली आणि मणक्यापर्यंत गेली. मानेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. कोणी वैरी नव्हता, चोर नव्हता. घरातलं पिस्तूल भरलेलं आहे असं लक्षात आलं, म्हणून घरोब्यातला वीस वर्षांचा तरुण ते रिकामं करायला गेला होता. पिस्तूल होतं ब्रायको कंपनीचं मॉडेल ३८, स्वस्तातलं, खिशात मावणारं. त्याची रचना अशी की सेफ्टी लावलेली असली की वरची स्लाइड हलतच नाही. आतली गोळी काढायची तर स्लाइड मागे ओढावी लागते, आणि ती ओढायची तर आधी सेफ्टी काढावी लागते. म्हणजे पिस्तूल निर्धोक करण्यासाठी ते आधी धोक्याच्या स्थितीत आणायचं. त्याने सेफ्टी काढली आणि बार उडाला.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. कारण आमच्या ड्रिलच्या थ्री नॉट थ्री रायफलीतही सेफ्टी लावली की बोल्ट अडकतो, तीही रिकामी करताना सेफ्टी काढावीच लागते. कोल्टच्या प्रसिद्ध १९११ पिस्तुलातही सेफ्टी लावली की स्लाइड अडते. तेव्हा नुसत्या एवढ्यावरून ब्रायकोला गुन्हेगार म्हणणं मला पटेना. फरक कशात होता? एक तर थ्री नॉट थ्री हातात घेणाऱ्याला आधी महिनाभर 'खाली कर'चा सराव करावा लागे, नळी कुठे असावी आणि बोट कुठे असावं हे घोकावं लागे. त्या घरात तसं कोणी नव्हतं. पण खरी गोष्ट न्यायालयात बाहेर आली. याच घराण्यातल्या आधीच्या पिस्तुलांत सेफ्टी लावूनही स्लाइड ओढता यायची. तशी ओढली की काडतूस मध्येच अडकायचं. हा दोष मुळातून काढायचा तर खर्च होता. त्याऐवजी सेफ्टी लावली की स्लाइडच हलू नये अशी सोय केली गेली. दोष झाकला गेला आणि धोका गिऱ्हाइकाच्या घरात गेला.

स्वस्तात दुसरं काय मिळणार, असं कोणी म्हणेल. मीही आधी तेच म्हणत होतो. पण मग आयव्हर जॉन्सनची गोष्ट वाचली.

मॅसॅच्युसेट्समधली ही कंपनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अगदी साध्या माणसाला परवडतील अशी रिव्हॉल्व्हरं करत असे. त्या काळची अडचण अशी होती की रिव्हॉल्व्हरचा घोडा थेट काडतुसाच्या बुडाला टेकलेला असे. खिशातून पडलं, घोड्यावर आपटलं, की बार. कोल्टच्या १८७३च्या नामांकित सहाबारीत लोक पाचच गोळ्या भरत आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवत. एवढी महागडी वस्तू, पण सेफ्टी म्हणजे मालकाची सावधगिरी! आयव्हर जॉन्सनने घोडा आणि फायरिंग पिन यांच्यामध्ये अंतर ठेवलं आणि एक छोटी पट्टी बसवली. चाप पूर्ण ओढला तरच ती पट्टी वर येते आणि घोड्याचा ठोका पिनेपर्यंत पोचवते. चाप सोडला की खाली. मग तुम्ही घोड्यावर हातोडी मारली तरी गोळी सुटत नाही. कंपनी जाहिरातीत खरोखरच हातोडी दाखवायची. एका जाहिरातीत तर बिछान्यात बसलेली लहान मुलगी रिव्हॉल्व्हर हाताळताना दाखवली होती. ते चित्र आज पाहताना अंगावर काटा येतो. युक्ती अस्सल असली तरी चाप ओढणारं बोट तिला ओळखता येत नाही. १९०१ साली राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लींचा खून झाला तो याच कंपनीच्या रिव्हॉल्व्हरने.

मुद्दा असा की स्वस्त हत्यारातही निदान पडून बार होणार नाही एवढी काळजी शंभर वर्षांपूर्वी घेता येत होती. १९०८ साली कोल्टने खिशातलं पॉइंट टू फाइव्ह पिस्तूल काढलं, त्यात एक खटका अंगठ्याने लावायचा होता आणि दुसरा मुठीत दाबला गेल्याशिवाय चाप चालत नसे. ज्ञान होतं, मग साठ-सत्तर वर्षांनी ते गेलं कुठे?

याचं उत्तर मला एका कायद्यात सापडलं. १९६८ साली अमेरिकेत आधी मार्टिन ल्यूथर किंग आणि मग रॉबर्ट केनेडी यांचे खून झाले. त्यानंतर बंदुकांचा नवा कायदा झाला. त्या आधारे परदेशातून येणाऱ्या पिस्तुलांना गुण द्यायची पद्धत आली, अगदी परीक्षेसारखी. लांबी किती, वजन किती, सेफ्टी कोणती, याला गुण. पिस्तुलाला ७५ आणि रिव्हॉल्व्हरला ४५ गुण मिळाले तरच ते देशात येणार. छोटी, हलकी, स्वस्त पिस्तुलं नापास झाली. पण ही परीक्षा फक्त बाहेरून येणाऱ्या मालाला. देशात बनणाऱ्याला नाही. आणि गंमत बघा (गंमत कसली!), रॉबर्ट केनेडींवर झाडलेलं रिव्हॉल्व्हर अमेरिकन बनावटीचं होतं, पुन्हा आयव्हर जॉन्सनचंच.

आयात थांबली, मागणी थांबली नाही. लॉस एंजेलिसच्या बाजूला जॉर्ज जेनिंग्ज नावाच्या गृहस्थाचं मशीन शॉप होतं. त्याने १९७०च्या सुमारास रेव्हन नावाची कंपनी काढून पॉइंट टू फाइव्हचं एक पिस्तूल बाजारात आणलं. जस्ताचा मिश्रधातू साच्यात ओतून केलेलं, शंभर डॉलरच्या आतलं. त्याच्या मुलाने, ब्रूस जेनिंग्जने, पुढे स्वतःचे कारखाने काढले. ब्रायको त्यातलीच. जावयाने वेगळी कंपनी काढली. ओळखीपाळखीच्यांनी आणखी. १९९४ साली गॅरेन विन्टेम्यूट या डॉक्टरांनी या कंपन्यांवर अहवाल लिहिला. शहराभोवतीच्या त्या कारखान्यांच्या कड्याला त्यांनी 'रिंग ऑफ फायर' म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं.

या पिस्तुलांत बाहेरून दिसणारा घोडा नसतो. आत स्प्रिंगने ताणलेला एक दट्ट्या असतो आणि एका खिटीने तो अडवून धरलेला असतो. चाप ओढला की खिटी सरकते, दट्ट्या सुटतो. चांगल्या पिस्तुलात त्या दट्ट्यालाच वेगळा अडसर असतो. इथे सेफ्टी बहुधा खिटीला धरून ठेवायची, दट्ट्याला नाही. म्हणजे दाराला कडी आहे, पण ती ज्या चौकटीला लागते तीच मऊ लाकडाची. धातू मऊ, कडा झिजणार, आणि आपटल्यावर खिटी निसटू शकते. बाहेरचा खटका मात्र टक् असा आवाज करून अगदी ऐटीत लागतो.

आणि तपासणार कोण? ग्राहकांच्या वस्तूंची सुरक्षितता पाहण्यासाठी १९७२ साली अमेरिकेत आयोग नेमण्याचा कायदा झाला. त्यातून बंदुका वगळल्या होत्या. खेळण्यातलं पिस्तूल आयोगाच्या कक्षेत, खरं पिस्तूल कक्षेबाहेर. हे वाचून मी वाचनालयात मोठ्याने "अहो!" म्हणालो आणि शेजारच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. काही राज्यांनी तोड काढली ती धातूच्या वितळण्याच्या तापमानावर. इलिनॉय, दक्षिण कॅरोलिना, हवाई इथे ८०० अंश फॅरनहाइटच्या आत वितळणाऱ्या पिस्तुलांवर बंदी आली. कॅलिफोर्नियाने १९९९ साली कायदा केला, तो २००१ पासून लागू झाला. साधारण मीटरभर उंचीवरून काँक्रीटवर टाकायचं, बार होता कामा नये. सहाशे गोळ्या झाडायच्या, सहापेक्षा जास्त वेळा अडता कामा नये. १९६८ साली बाहेरच्यांची परीक्षा घेतली, घरच्यांची घ्यायला कॅलिफोर्नियाला आणखी तीस वर्षं लागली. विलिट्सच्या मुलाला तोवर सात वर्षं उलटून गेली होती.

त्याचा खटला २००३ साली ओकलंडमध्ये निकाली निघाला. ज्युरीने इतरांनाही दोष दिला, घरच्यांनासुद्धा. पण ब्रायको, तिचा मालक आणि तिचे वितरक यांच्या वाट्याला सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरची भरपाई आली. लगोलग ब्रूस जेनिंग्जने दिवाळं जाहीर केलं. २००४ साली कारखान्याचा लिलाव ठरला. तेव्हा तो मुलगा सतरा वर्षांचा होता. कारखाना विकत घ्यायचा आणि सगळा माल वितळवून टाकायचा असं त्याने ठरवलं, आणि त्यासाठी लोकांकडून वर्गणी जमवली.

लिलावाची बोली पाच लाख डॉलरच्या वर गेली. कारखाना मिळाला तो तिथल्याच जुन्या फोरमनला. त्याने कंपनीला स्वतःचं नाव दिलं आणि पुढे नेवाडात जाऊन तीच पिस्तुलं बनवली, २०२० साली त्याचंही दिवाळं निघेपर्यंत.