दृष्टिहीनसुलभ लिनक्स प्रणाली

पडद्यावरील मजकूर ध्वनिरूपात वा ब्रेल लिपीत पुरविणारी आणि दृष्टिहीन व्यक्तीस स्वतः संगणकावर बसविता येणारी परिचालन प्रणाली. यांतील दुसरे लक्षण पुष्कळ उशिरा साध्य झाले. मजकूर वाचून दाखविणारी आज्ञावली सामान्यतः परिचालन प्रणाली सुरू झाल्यानंतरच चालते. त्यामुळे प्रणाली बसविताना संगणक मुका राही व शेजारी डोळस मदतनीस लागे.

लिनक्सचा गाभा लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी फिनलंडमध्ये १९९१ साली प्रसिद्ध केला. तो लवकरच कोणासही घेता व बदलता येईल असा खुला झाल्याने दृष्टिहीन आज्ञावलीकारांना त्यावर आपल्या गरजेची साधने स्वतःच रचता आली. यांत पुण्याचे टी. व्ही. रामन (१९६५– ) यांचे कार्य उल्लेखनीय आहे. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली. पुणे विद्यापीठातून गणिताची पदवी घेऊन ते मुंबईच्या आयआयटीत शिकले. तेथे पडद्यावर काय आहे ते एक विद्यार्थी स्वयंसेवक त्यांना सांगे व त्यांच्या आज्ञाही तोच टंकित करी. पुढे अमेरिकेत त्यांनी एमॅकस्पीक ही बोलणारी आज्ञावली रचली (१९९५). ती केवळ अक्षरे उच्चारीत नाही, तर मजकुराची रचनाही आवाजातील भेदांनी जाणवून देते. त्याच वर्षी निखिल नायर यांनी आरंभिलेल्या बीआरएलटीटीवाय या आज्ञावलीने पडद्यावरील ओळ ब्रेल ठिपक्यांच्या यंत्रावर उमटू लागली. कर्क रायझर यांच्या स्पीकअपने वाचा थेट गाभ्यातच आणली. मात्र तिला प्रारंभी वेगळे ध्वनियंत्र जोडावे लागे व ते महाग असे.

ईस्पीक या विनामूल्य आज्ञावलीमुळे (२००६) संगणकाचे नेहमीचे ध्वनिवर्धकच बोलण्यास पुरेसे झाले. त्याच वर्षी ग्नोम या चित्रमय पडद्याबरोबर ऑर्का हा वाचक मिळू लागला. डेबियन या लिनक्स आवृत्तीने २०१३ मध्ये बसविण्याची क्रियाच बोलती केली : प्रारंभीची यादी आल्याचा बीप ऐकताच ‘एस’ व नंतर एंटर कळ दाबली की पुढील प्रत्येक प्रश्न ऐकू येतो. चकतीचे विभाग पाडताना एखादे चुकीचे उत्तर साठविलेली सर्व माहिती पुसू शकते, हे ध्यानी घेता या सोयीचे मोल कळते. त्याआधीचा टप्पा, म्हणजे कोणत्या साधनावरून संगणक सुरू व्हावा हे ठरविणारा यंत्राचा मूळ पडदा, बहुतेक संगणकांत अद्यापि मुकाच आहे.

आवश्यक संच पेनड्राइव्हवर असल्यास इंटरनेटवाचूनही ही प्रणाली बसविता येते व जुन्या यंत्रावर केवळ अक्षरी पडद्यानिशी चालते. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा यांसारख्या डोंगराळ, शहरांपासून दूरच्या तालुक्यांत हा गुण विशेष उपयोगी ठरावा. ईस्पीकमध्ये मराठीचा आवाज आहे, जरी तो काहीसा यांत्रिक वाटतो. तथापि तेथील अनेक घरांत बोलल्या जाणाऱ्या वारली बोलीचा आवाज त्यात नाही.